धोबीतलावची कूड, डिलाईल रोडची खोली

दिवस पहिला : धोबीतलाव

मेट्रो सिनेमाच्या चौकात जेर महाल उभा आहे. तळमजल्यावर १९०४ सालचं कयानी, शेजारी दुकानं, आणि वर लाकडी जिने. कयानीत बनमस्का खायला मी किती वेळा आलो असेन, पण वरचे मजले कधी बघितले नव्हते. त्या मजल्यांवर गोव्यातली गावं राहतात, हे मला एका निवृत्त बोटवाल्या मित्रानं सांगितलं. उत्तर गोव्यातल्या बार्देश तालुक्यातला हा माणूस तीस वर्षं जहाजावर स्ट्युअर्ड होता. "एकदा चल, दाखवतो," असं तो दहा वर्षं म्हणत होता. या वेळी मी रजा टाकूनच निघालो. आधी त्याच्या गावाचं मुंबईतलं घर बघायचं, मग त्याचं गाव.

जिना चढताना दारांवर पाट्या दिसतात. क्लब अमक्या गावाचा, क्लब तमक्या संताचा. क्लब म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हिरवळ आणि वेताच्या खुर्च्या येतात. इथं दार उघडलं की लांबलचक हॉल, उंच छत, एका टोकाला आल्तार, म्हणजे वेदी, त्यावर गावच्या संताची मूर्ती आणि छोटे दिवे. भिंतींच्या कडेनं पेट्या. पत्र्याच्या, लाकडाच्या, एकावर एक, प्रत्येकीवर रंगानं नंबर आणि नाव. मधली फरशी पूर्ण मोकळी, कारण रात्री तिथंच अंथरुणं पडतात. खाट, कपाट, पडदा काही नाही. माणसाची खासगी जागा म्हणजे त्याची पेटी.

ही कूड. कोकणीत कूड म्हणजे खोली, स्वयंपाकघराला तिथं रांदचीकूड म्हणतात. आणि कूड म्हणजे शरीरसुद्धा. आपल्या जुन्या मराठीतही देहाला कुडी म्हणतातच की. हे कळल्यापासून मला 'क्लब' हा शब्द अपुरा वाटायला लागला. गावाची मुंबईतली कुडी, हेच खरं.

व्यवस्थापक सत्तरीचे, सगळ्यांचे अंकल. मित्रानं ओळख करून दिली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "खंयचो तूं?" मी चंदगड म्हणालो. ते हसले आणि म्हणाले, "म्हणजे शेजारीच." मग त्यांनी एक विनंती केली. जागेचा वाद चालू आहे, तेव्हा लिहिलंत तर गावाचं नाव घालू नका. म्हणून ते नाव इथं नाही.

माणसं गोवा सोडून इथं का आली, हे अंकलनी त्यांच्या आजोबांपासून सांगितलं. शेती थोडी, जमीन बरीचशी भाटकारांची, म्हणजे जमीनदारांची. त्यातच १८७८ साली पोर्तुगीज आणि इंग्रज यांच्यात करार झाला आणि गोव्यातल्या मिठाचा कारभार इंग्रजांच्या हातात गेला. मिठागरांवर जगणाऱ्या घरांची चूल विझली. पुढे १८८८च्या सुमारास मार्मागोव्याहून कॅसलरॉकपर्यंत रेल्वे झाली. तिच्यामुळं व्यापार किती वाढला ते सोडा, माणसं मात्र बाहेर पडायला लागली. मुंबईत आचारी हवे होते, बटलर हवे होते, बोटींवर सलूनची, म्हणजे प्रवाशांचं खाणंपिणं बघणारी, माणसं हवी होती. बँडमध्ये वाजवणारे हवे होते, आणि चर्चच्या शाळांतून सूर-ताल शिकलेली पोरं गोव्यात गावोगाव होती. पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात जे गोवेकर आले, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, हळदोण्याचे चिक चॉकलेट, त्यांच्या मागं ही सगळी वाट आहे.

बोटीवरची नोकरी सलग नसते. एक सफर संपली की दुसरी मिळेपर्यंत थांबायचं, कधी महिना, कधी सहा महिने. लॉजमध्ये राहायला पैसे कुठले? म्हणून गावानं मिळून जागा भाड्यानं घेतली. वर्गणी भरायची, पेटी ठेवायची, अंथरूण पसरायचं. बोट लागली की पेटीला कुलूप घालून जायचं. दोन वर्षांनी परत आलात तरी पेटी जागेवर. "पेटी आहे तोवर माणूस सभासद," अंकल म्हणाले.

नियम कडक होते. संध्याकाळची तेर्स, म्हणजे रोझरी, चुकवायची नाही. चुकवली तर दंड. दारू पिऊन गोंधळ घातला तर पेटीसकट बाहेर. गावच्या फेस्ताला, म्हणजे संताच्या सणाला, ज्याला घरी जाता येत नाही त्यानं इथंच लादाईन, म्हणजे प्रार्थना, म्हणायची, सगळ्यांनी मिळून जेवायचं. आणि बायका नाहीत. हा नियम ऐकताना मी गप्प राहिलो. तो या घरांच्या पायातच आहे. ही घरं पुरुषांची होती. बायका गावात राहून शेत बघत होत्या, सासू-सासरे सांभाळत होत्या, मनिऑर्डरची वाट बघत होत्या. कुडीचा इतिहास सांगताना हे वगळलं तर तो अर्धाच राहतो.

दुपारी आम्ही खाली उतरून फिरलो. धोबीतलावात आता ना तलाव ना धोबी. तलाव केव्हाच बुजवला, नाव उरलं. मेट्रोसमोर डॉ. अकासियो व्हिएगस यांचा पुतळा आहे. हे हडफड्याचे. १८९६ साली मुंबईच्या मांडवी भागातल्या रोग्यांना प्लेग झाल्याचं त्यांनी पहिल्यांदा ओळखलं. १९०६ साली ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. पुतळ्याखाली बस धरायला उभ्या असलेल्या माणसांना मी मुद्दाम विचारलं, हे कोण? एकालाही सांगता आलं नाही. मला वाईट वाटलं, कारण मीही कालपर्यंत त्यांच्यातलाच होतो. कोपऱ्यावर फुर्ताडोंचं वाद्यांचं दुकान आहे. पुढे काळबादेवीच्या अंगाला कवेल, जुन्या ख्रिस्ती वस्तीचं.

या वस्तीनं एक नाट्यप्रकार जन्माला घातला. लुकाझिन्यो रिबेरो नावाचा गोवेकर तरुण मुंबईत आलेल्या इटालियन ऑपेरा कंपनीबरोबर काम करत होता. कंपनी निघाली तेव्हा त्यानं तिचे जुने पोशाख स्वस्तात विकत घेतले आणि कोकणीत नाटक लिहिलं. १७ एप्रिल १८९२, ईस्टरचा रविवार, न्यू अल्फ्रेड थिएटर, नाव 'इटालियन भुरगो'. हा पहिला तियात्र. तीन वर्षांनी, १८९५ साली, जुवांव आगुश्तीन फर्नांडिस यांनी 'बेल ऑफ कवेल' आणला. गोवेकर त्यांना तियात्राचा बाप म्हणतात. १९०४ साली त्यांची पत्नी रेजिना रंगमंचावर आली, तियात्रात काम करणारी पहिली स्त्री. गोव्याचा सगळ्यांत लाडका नाट्यप्रकार गोव्यात नव्हे, मुंबईत जन्मला. समोर बसणारा प्रेक्षक कुठून येत होता? वरच्या मजल्यांवरून. दिवसभर परक्याच्या स्वयंपाकघरात राबलेल्या माणसाला आपल्या भाषेतलं गाणं आणि आपल्या भाटकारावरची टिंगल ऐकायला मिळत होती.

रात्री आठ वाजता आम्ही परत वर गेलो. अंकलनी छोटी घंटा वाजवली. पूर्वी या हॉलमध्ये उभं राहायला जागा नसायची म्हणे. त्या रात्री आम्ही धरून नऊ माणसं होतो. दोन तरुण सीडीसीच्या, म्हणजे बोटीवरच्या नोकरीला लागणाऱ्या दाखल्याच्या, कामासाठी आलेले, एक जण टाटा हॉस्पिटलात तपासणीला आलेला, बाकी म्हातारे. गुडघे टेकून सगळ्यांनी तेर्स म्हटली. मला शब्द येत नव्हते. मी मागं पेट्यांना टेकून उभा होतो. पाठीला पत्र्याचा थंडपणा लागत होता.

निघताना अंकलनी एका पेटीकडं बोट केलं. तिचा मालक तारवटी, म्हणजे बोटीवरचा खलाशी. तो वारल्याला खूप वर्षं झाली. गावात त्याची मुलगी आहे. "तिला विचारा, काय करायचं. कुलूप मी फोडणार नाही. चर्चच्या पाद्रीची चिठ्ठी आणि तिचा हुकूम, दोन्ही पाहिजेत." त्यांनी मला पत्ता लिहून दिला.

दिवस दुसरा : डिलाईल रोड

खरं तर दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी पकडायची होती. पण रात्री झोप लागली नाही, आणि मी तिकीट एक दिवस पुढं ढकललं. पेट्या बघून मला आमची खोली आठवली होती.

आमच्या गावाचीही एक खोली आहे, डिलाईल रोडच्या एका चाळीत. चंदगड, आजरा, गडहिंग्लज, भुदरगड, इकडे साताऱ्याकडच्या, कोकणातल्या किती गावांच्या अशा खोल्या गिरणगावात होत्या, अजून आहेत. भाडं गावानं द्यायचं, कारभार ग्रामस्थ मंडळानं बघायचा. दहा बाय सोळाच्या खोलीत तीस-पस्तीस माणसं. गिरणीच्या तीन पाळ्या होत्या म्हणून हे जमायचं. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच जागेवर आडवा व्हायचा. वळकट्या भिंतीला, वर मांडणीवर पेट्या, कोपऱ्यात गणपती. तेर्सच्या जागी शनिवारचं भजन, फेस्ताच्या जागी सत्यनारायण, आणि जेवण खानावळीत.

खानावळवाल्या बायकांचं ऋण गिरणगाव विसरणार नाही. पण त्या बायका मात्र सावकाराच्या कर्जात अडकलेल्या असत. त्यांना एकत्र आणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. या प्रेमाताई मूळच्या गोव्याच्या. मुक्तिलढ्यात त्यांच्या पायाला गोळी लागली होती. धोबीतलाव आणि डिलाईल रोड यांच्यामध्ये असे धागे आहेत, फक्त कोणी ओढून बघत नाही.

माझे वडील या खोलीत चोवीस वर्षं राहिले. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत होतो. अडीच लाख कामगार बाहेर पडले. वडील काही महिने खोलीत थांबले, मग एका रात्रीच्या एसटीनं गावाला आले. हातात फक्त पिशवी होती. पेटी खोलीत ठेवली, कारण गिरणी उघडणार होती.

ती उघडली नाही.

त्या दिवशी मी चौदा वर्षांनी पुन्हा त्या खोलीत गेलो. आता तिथं गावचे सहा तरुण राहतात, कोणी कुरिअरमध्ये, कोणी मॉलमध्ये, एक जण स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. त्यांनी मला ओळखलं नाही. गावाचं आणि वाड्याचं नाव सांगितल्यावर लगेच चहा आला. "काका, बसा." मांडणीवर वडिलांची पेटी होती. हिरवा रंग उडालेला, पांढऱ्या अक्षरांत नाव, कुलूप गंजलेलं.

चाळीचा पुनर्विकास येणार आहे, असं मुलं म्हणाली. अडचण अशी की भाडेपावतीवर नाव एकाच माणसाचं. ते काका वारले, त्यांच्या वारसांना वाटतं खोली त्यांची. गावाला वाटतं गावाची. कागद म्हणतो एकाची, आठवण म्हणते सगळ्यांची. कुडीची भानगडही हीच आहे. गावाच्या मालकीचं घर ही गोष्ट शहराच्या कागदपत्रांत बसतच नाही. मला याचा राग येतो. ज्या वस्तूवर तीनशे माणसांनी पन्नास वर्षं वर्गणी भरली ती एका सहीनं एकाची व्हावी, हे मला पटत नाही.

"पेटी घेऊन जाता का, काका? जागा कमी पडते," एका मुलानं अगदी संकोचून विचारलं. परत येताना बघू म्हणालो.

दिवस तिसरा : गाडीत

मांडवी एक्स्प्रेस. चिपळूणपासून पुढं पाऊस. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली, त्याआधी बरीच वर्षं हा प्रवास बोटीचा होता. मित्र वाटेत सांगत होता. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी बोट सुटायची, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला करत दुसऱ्या दिवशी पणजी. डेकवर चटया टाकून कोकणी आणि मालवणी एकत्र झोपायची. १९५५ साली, सत्याग्रहानंतर, भारतानं गोव्याची नाकेबंदी केली. रेल्वे थांबली, परवान्याशिवाय जाणं-येणं अवघड झालं. त्याचे वडील तेव्हा कुडीत होते, आणि धाकट्या भावाचा जन्म झाल्याचं त्यांना कित्येक आठवड्यांनी पत्रातून कळलं.

रात्री थिवीला उतरलो.

दिवस चौथा : बार्देश

सकाळी पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भोंग्यानं जाग आली. मित्राचं घर म्हणजे पुढं बलकांव, म्हणजे ओसरी, आत लाल फरशी, मागं माड. गाव हिरवं आहे, पण शांत मात्र राहिलेलं नाही. अर्धी घरं बंद, काहींना नवी कुंपणं आणि दिल्लीच्या नंबराच्या गाड्या. जुन्या घरांची रेस्टॉरंटं झाली आहेत.

चर्चच्या पायऱ्यांवर बसून मित्रानं मला गांवकारी समजावली आणि एकदम उजेड पडला. पोर्तुगीज येण्याआधीपासून गोव्यातल्या गावांची जमीन गावाच्या मूळ घराण्यांची सामाईक. शेतं लिलावानं कसायला द्यायची. उत्पन्नातून बांध, मानशी (खाडीचं पाणी अडवणारी दारं), देऊळ, पुढे चर्च यांचा खर्च भागवायचा, उरेल ते गांवकारांत वाटायचं. त्या वाट्याला जोण म्हणतात. पोर्तुगीजांनी या व्यवस्थेला कोमुनिदाद म्हटलं आणि १९०४ साली तिचे नियम संहितेत बांधले. ती अजून कागदावर आहे, आणि काही गावांत जोण अजून मिळते, नावापुरती.

म्हणजे धोबीतलावला गेलेल्या आचाऱ्यानं नवं काही शोधलं नव्हतं. सामाईक मालकी, वर्गणी, दंड, हिशेबाची वही, सणाचा खर्च, हे सगळं तो गावातून घेऊनच गेला होता. फरक एवढा की गांवकारीत जोण जन्मानं मिळायची, तीही ठरावीक घराण्यांतल्या पुरुषांना. कुडीत गावचा कुणीही पेटी ठेवू शकत होता, गांवकार असो की त्याचं कूळ. माझ्या दृष्टीनं मुंबईनं गावाला दिलेली ही मोठी गोष्ट आहे. गावात जो दारात उभा राहायचा, तो कुडीत भाटकाराच्या पुतण्याशेजारी अंथरूण टाकत होता. सगळं सुरळीत होतं असं नाही. काही गावांत वाड्यावाड्यांचे वेगळे क्लब झाले, आणि ते का झाले हे कोणी सांगायला तयार नसतं. मित्रही विषय बदलून माशांच्या भावाकडं वळला.

दुपारी त्या तारवट्याच्या मुलीकडं गेलो. साठीच्या बाई, शाळेतून निवृत्त. मी पेटीचा नंबर सांगितला तर त्यांनी मान हलवली. नंबर पाठ होता. वडिलांच्या पत्रांवर पत्त्यात तोच असायचा. नाव, पेटी नंबर, क्लब, धोबीतलाव, बॉम्बे.

"मी ते घर कधी बघितलं नाही," त्या म्हणाल्या. लहानपणी एकदा आई त्यांना घेऊन मुंबईला गेली होती. वडील आजारी होते. दोघींना खाली जिन्यापाशी थांबायला सांगितलं, वडील खाली उतरून आले. कयानीत बसून त्यांनी केक खाल्ला. घर वर होतं आणि त्या खाली होत्या. हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही, पण त्या बराच वेळ चहाच्या कपाकडं बघत राहिल्या.

मग त्यांनी कागद काढला आणि माझ्यासमोर पत्र लिहिलं, कोकणीत, रोमी लिपीत. कुलूप उघडावं. डिस्चार्ज बुक, म्हणजे बोटीवरच्या नोकरीची नोंदवही, आणि पासपोर्ट असेल तर पाठवावा. कपडे कुणाला उपयोगी असतील तर द्यावे. आत त्यांच्या आईनं दिलेली तेर्साची माळ असेल, ती आल्तारावर ठेवावी. शेवटी एक ओळ लिहून त्यांनी ती मला मराठीत वाचून दाखवली : पेटी रिकामी झाली तरी नाव पुसू नये, यापुढची वर्गणी मी भरीन.

बाईंना सभासद करून घेतील का, मी विचारलं. "विचारून बघते," त्या म्हणाल्या. पाद्रीची चिठ्ठी संध्याकाळी मिळाली.

दिवस पाचवा : तिलारी

म्हापशाहून दोडामार्ग, तिथून तिलारी घाट चढून चंदगड. बार्देशातून आमच्या गावाला जायला अर्धा दिवसही लागत नाही. खाली माड आणि सुपारी, वर चढलं की काजू, नाचणी, गार वारा. आमची माणसं याच वाटेनं गोव्यात कामाला जातात, आणि तरी मुंबईत गोवेकरांच्या कुडी आणि आमच्या खोल्या पाच-सहा किलोमीटरवर असून एकमेकींना ओळखत नव्हत्या.

गावात उतरल्यावर आधी देवळात गेलो. खोलीचे सगळे निर्णय याच सभामंडपात झाले. कुणाला ठेवून घ्यायचं, कुणाची वर्गणी थकली, गणपतीला किती पाठवायचे. मंडळाच्या जुन्या वह्या एका काकांकडे निघाल्या. कडा उंदरांनी खाल्लेल्या, पण नावं वाचता येतात. वडिलांचं नाव पानोपानी आहे, समोर रक्कम आणि कधी सही, कधी अंगठा. ते सही शिकले तेव्हाचं पानही सापडलं. मी सगळ्या पानांचे फोटो काढले. खोली गावाची होती याचा याहून चांगला कागद मला ठाऊक नाही, आणि वकिलाला दाखवायला तो उपयोगी पडेल, असं काकांनाही वाटतं.

आई अंगणात शेंगा निवडत बसली होती. धोबीतलाव, बार्देश, बाईंचं पत्र, सगळं सांगितलं. खोलीतल्या पेटीचंही सांगितलं. तिनं हात झटकले, आत गेली, देव्हाऱ्यातल्या कुंकवाच्या डबीखालून किल्ली काढून आणली. तेल लावून ठेवलेली, चकचकीत.

"काय हाय त्यात, तुला म्हाईत हाय?" मी विचारलं.

"तुझ्या बाबाचं गिरणीचं तिकीट हाय, दोन धोतरं, एक घोंगडं. आन् माझी पत्रं." ती थांबली. "दुसऱ्याकडनं लिवून घेतलेली."

किल्ली माझ्या हातात देऊन ती परत शेंगांकडं वळली. "मी येतेच तुज्यासंगं. एकदा बघायची हाय मला ती खोली," ती म्हणाली. "तोवर कुलूप फोडू नका म्हणावं पोरास्नी."

मी तिथूनच डिलाईल रोडला फोन लावला.